बाराच्या आत निघायचं नाही

बुधवारी संध्याकाळी अण्णासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा संग्राम बोलणी खायच्या तयारीनंच आत गेला. आदल्या दिवशी त्यानं एका टाकीचं काम अडवलं होतं.

संग्राम जगदाळे मूळचा कराडकडचा. अबू धाबीजवळ मुसफ्फामध्ये अण्णासाहेबांचं फॅब्रिकेशनचं यार्ड होतं, तिथं तो सहा वर्षं सेफ्टी ऑफिसर होता. तेलाच्या जुन्या टाक्या तिथं दुरुस्तीला येत. टाकीच्या पोटात माणूस उतरवायचा असेल, तर आधी आतली हवा मीटरनं तपासायची आणि मग परमिटवर सही करायची. सही नसेल तर कुणी उतरायचं नाही. ती सही संग्रामची.

मंगळवारी त्यानं टाकीच्या तोंडातून मीटरची नळी खाली सोडली आणि मीटर नुसता कोकलत सुटला. तळाला गुडघाभर गाळ होता, त्यातून विषारी गॅस सुटत होता. वरून हवा चांगली वाटत होती, पण खाली मरण होतं.

"तीन दिवस ब्लोअर चालवा," तो फोरमन सतीशला म्हणाला. "मग बघू."

"सर, शनिवारी डिलिव्हरी आहे."

"नाही होणार शनिवारी."

सतीशनं वाद घातला नाही, आणि संग्रामला तेच विचित्र वाटलं होतं. एरवी सतीश तासभर डोकं खायचा.

आता केबिनमध्ये अण्णासाहेब हसत होते. साठी उलटलेली, कपाळाला गंध, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट. पंचवीस वर्षं आखातात काढूनही त्यांच्या बोलण्यातली सांगली गेली नव्हती. संग्रामला इथं त्यांनीच आणलं होतं. पहिल्या दिवाळीत त्यानं फराळ त्यांच्याच घरी केला होता.

"बस. टाकीचं कळलं मला. बरोबर केलंस. माणसापेक्षा डिलिव्हरी मोठी नाही बाबा."

संग्रामचा जीव भांड्यात पडला.

"उद्या तुमच्या लग्नाचा वाढदिवस ना?" अण्णासाहेबांनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. "दुबईच्या हॉटेलात स्पेनच्या लोकांचा नाचगाण्याचा कार्यक्रम आहे, जेवणासकट. क्लायंटनं पास दिलेत. आणि शारजाला म्हणे स्पॅनिश चित्रांचं प्रदर्शन लागलंय. सूनबाई शाळेत ड्रॉइंग शिकवतात ना? ने त्यांना. माझी गाडी घेऊन जा, राजन येईल."

"अण्णा, उद्या गुरुवार. यार्ड चालू असतं."

"चालू दे की एक दिवस तुझ्याशिवाय. आणि हां, मोबाइल इथं ठेवून जा. कंपनीची सिमकार्डं बदलायची आहेत, शनिवारी मिळेल."

संग्रामनं मोबाइल टेबलावर ठेवला. घरात तेवढा एकच मोबाइल होता. लग्नाची तारीख अण्णांना कुणी सांगितली, हे त्याला बाहेर आल्यावर सुचलं. विचारायला परत आत जाणं बरं दिसलं नसतं.

कमलिनीला मात्र इतका आनंद झाला, की तिनं शाळेत आपली आणि लेकीची रजा कळवली, आणि लेकीला शेजारच्या मरियमबींकडे पाठवायची तयारी रात्रीच करून ठेवली. सहा वर्षांत नवऱ्याबरोबर पूर्ण एक दिवस बाहेर, असं कधी झालंच नव्हतं. सुट्टी म्हणजे शुक्रवार, आणि शुक्रवार म्हणजे भाजी, इस्त्री आणि झोप. लग्नाआधी ती कोल्हापूरला चित्रकला शिकली होती. आता पाचवीच्या मुलांकडून फुलदाण्या काढून घ्यायची.

"आई, डोन्ट कॉल मी अगेन अँड अगेन, ओके?" नऊ वर्षांची संपदा मरियमबींच्या दारातून म्हणाली. मरियमबी रत्नागिरीकडच्या. हसून म्हणाल्या, "जा गो तुम्ही. पोर काय मला जड नाही."

साडेसातला पोहे झाले, नऊला राजन गाडी घेऊन खाली आला.

राजन केरळचा, बोलघेवडा माणूस. एरवी गाडी सुरू व्हायच्या आधी त्याची जीभ सुरू व्हायची. पण त्या दिवशी त्यानं "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हटलं आणि पुढचे दीड तास समोरच्या रस्त्यावरून नजर काढली नाही. दोन्ही बाजूंना वाळू, मध्येच एखादं पेट्रोल स्टेशन. कमलिनीनं दोनदा त्याच्या मुलांची चौकशी केली.

"ठीक है, मॅडम," एवढंच.

"याला काय झालंय?" तिनं हळूच मराठीत विचारलं.

"बायकोशी भांडला असेल," संग्राम म्हणाला.

शारजाच्या संग्रहालयात थंडगार शांतता होती. वरच्या मजल्यावर स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या एका चित्रकाराची तीसेक चित्रं लावली होती. कमलिनी पहिल्या चित्रापुढे उभी राहिली आणि घड्याळ विसरली. संग्राम तिच्या मागून हातांची घडी घालून फिरत होता. त्याला चित्रांतलं कळत नसे, पण तिचा चेहरा पाहायला त्याला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांत ती अशी दिसली नव्हती.

एका मोठ्या चित्रापुढे मात्र तिचा चेहरा बदलला. अरुंद गल्ली, रात्र, हातात मेणबत्त्या घेऊन चाललेली माणसं. तीस-चाळीस असतील. पण एकालाही चेहरा नव्हता.

"हे बघा," ती जवळ जाऊन म्हणाली. "ह्यानं आधी चेहरे नीट काढलेत. नाक, डोळे, सगळं. आणि मग रंग ओला असताना बोटानं पुसलेत."

"कशाला? एवढं काढायचं आणि पुसायचं?"

"कुणी ओळखू येऊ नये म्हणून असेल." ती मागे सरली. "चला, मला नाही आवडलं. म्हणजे चांगलं आहे, पण नको."

खालच्या दुकानात या चित्रांचं पुस्तक होतं. "नव्वद दिरहॅम, म्हणजे जवळजवळ बाराशे रुपये!" म्हणून तिनं ते परत ठेवलं. संग्राम खिशात हात घालणार, तेवढ्यात त्याला यार्डात एक फोन करावासा वाटला. बाहेर येऊन त्यानं राजनकडे मोबाइल मागितला.

"बॅटरी डेड, साब."

"चार्जर?"

"घर पे."

दोघं पुन्हा आत गेले, कारण कमलिनीला सुरुवातीची दोन चित्रं परत पाहायची होती. पायऱ्यांवरच्या खिडकीशी ती थांबली. खाली पार्किंगमध्ये राजन गाडीच्या आडोशाला उभा होता. कानाला मोबाइल. दुसऱ्या हातानं तो सारखा कपाळ पुसत होता.

"अहो," ती म्हणाली, "बॅटरी डेड ना?"

संग्रामनं पाहिलं. चित्रं पाहायची राहिलीच.

बर दुबई भागातल्या देवळामागच्या गल्लीत थाळी जेवायचं ठरलं होतं. देवळातून बाहेर येताना संग्रामला कोपऱ्यावर कार्ड फोनची केबिन दिसली. वाण्याकडून कार्ड घेऊन त्यानं यार्डाचा नंबर फिरवला. अडीच वाजले होते. फोन सतीशनंच उचलला.

"सतीश, मी बोलतोय. ब्लोअर चालू आहे ना?"

"अरे सर! काय तुम्ही! मॅडमबरोबर गेलात तिथं पण यार्ड? चालू आहे, सगळं चालू आहे."

"टाकीत कुणी उतरायचं नाही. मी आल्याशिवाय नाही."

"इन्शाल्ला, सर. तुम्ही एन्जॉय करा."

फोन बंद झाला, तरी संग्रामनं रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला. त्या ब्लोअरचा आवाज इतका मोठा, की तो चालू असला की ऑफिसातल्या फोनवर माणसं ओरडून बोलत. आता सतीश अगदी निवांत बोलला होता. मागे ब्लोअर नव्हताच. मागे दुसराच एक आवाज होता. ठण्... ठण्... ठण्. हातोड्याचा, पण उघड्यावरचा नव्हे. पोकळीतून घुमत येणारा.

तो जेवायला बसला, तरी घास तोंडात फिरत राहिला. कमलिनीनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"काय झालं? खरं सांगा."

त्यानं सांगितलं. टाकीचं, मीटरचं, आवाजाचं. "यार्डात चार टाक्या आहेत," तो पुढं म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या तरी रिकाम्या टाकीत काम चालू असेल. आणि माझ्या सहीशिवाय उतरणार कसे? कुणी उतरणार नाही."

"परत जायचं का?"

हा प्रश्न तिनं मनापासून विचारला होता. पण विचारताना तिचा हात पदराच्या काठावर फिरत होता. त्या सकाळीच घडी मोडलेली हिरवी नारायणपेठ साडी. संग्रामनं ते पाहिलं.

"नको गं. सहा वर्षांनी बाहेर पडलीस. मी उगाच शंकेखोर झालोय. धंद्याचा दोष आहे हा."

त्या दुपारी कमलिनीला दिलेलं ते उत्तर पुढं त्यानं किती वेळा मनात उलटसुलट केलं, त्याची गणती नाही.

दुपार कलल्यावर ते खाडीवर आले आणि पैलतीरी जाणाऱ्या लाकडी होडीत, तिथल्या अब्रात, बसले. राजन गाडी घेऊन वळसा घालून पलीकडे यायचा होता. होडीत दाटीवाटीनं माणसं बसलेली. ऊन पाण्यावरून डोळ्यांत येत होतं. डिझेलचा धूर नाकात गेला, आणि संग्रामला एकाएकी जानेवारी महिना आठवला.

जानेवारीत वडिलांच्या ऑपरेशनसाठी तो दहा दिवस कराडला गेला होता. निघायच्या घाईत सतीश कागद घेऊन आला. "सर, दहा दिवस काम बंद ठेवलं तर अण्णा मला घरी पाठवतील. चार परमिटांवर नुसती सही करून ठेवा. तपासणी मी करतो, मीटर मला येतो वापरायला." संग्रामनं कोऱ्या परमिटांवर चार सह्या केल्या. चूक आहे हे करताना माहीत होतं. विमान रात्रीचं होतं. परत आल्यावर त्यानं विचारलं, तेव्हा सतीश म्हणाला, "तीन वापरली, एक फाडून टाकलं." फाडलेला कागद मात्र संग्रामनं पाहिला नव्हता.

"कमल," तो होडीत म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

पैलतीरावर त्यानं पुन्हा फोन शोधला. यार्डात यावेळी कुणी उचलला नाही. दहा वेळा घंटी वाजली. गुरुवारी चार-सव्वाचारला यार्डातला फोन कुणीच उचलत नाही, असं कधी झालं नव्हतं. मग त्यानं अण्णासाहेबांच्या मोबाइलवर लावला.

"अरे, मी बाहेर आहे मीटिंगला," अण्णासाहेबांचा आवाज शांत होता, जरा जास्तच शांत. "यार्डात सगळं ठीक आहे. मी तुला वडिलांसारखा ना? मग विश्वास ठेव. सूनबाईंचा दिवस खराब करू नकोस. कार्यक्रम पूर्ण बघा, सावकाश जेवा, सावकाश या."

संग्रामनं फोनवरचं सांगितलं, तेव्हा 'सावकाश' हा शब्द दोनदा आला, हे कमलिनीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "ते आपल्याला फिरायला पाठवतायत की अडकवून ठेवतायत, तेच कळेना झालंय मला."

तरीही दोघं हॉटेलात गेले. माणूस असं का करतो, सांगता येत नाही. न गेल्यानं भीती खरी ठरेल असं वाटत असावं.

हॉटेलच्या हॉलमध्ये लाल दिवे होते. गोऱ्या लोकांची टेबलं, अरबांची टेबलं, दोन-तीन भारतीय कुटुंबं. साडेआठला चार पुरुष काळ्या कपड्यांत येऊन खुर्च्यांवर बसले. एकानं गिटार घेतली. एक बाई, चाळिशीची असेल, लाकडी मंचाच्या मध्ये येऊन बराच वेळ नुसतीच उभी राहिली. मग पुरुषांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि तिनं टाच आपटली.

कमलिनीनं असला नाच कधी पाहिला नव्हता. त्यात गोडवा नव्हता. बाई हसत नव्हती. मेलेल्या कुणाला तरी जाब विचारावा तशी ती मंचावर टाचा मारत होती, आणि मागचा म्हातारा गायक घसा फाडून ओरडत होता. एका शब्दाचाही अर्थ कळत नव्हता, तरी कमलिनीच्या अंगावर काटा आला. मंच आतून पोकळ होता. प्रत्येक टाचेबरोबर तो घुमत होता.

तिनं वळून पाहिलं. संग्रामनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती.

"चला," कमलिनी म्हणाली.

"अजून जेवण..."

"जेवण गेलं खड्ड्यात. उठा."

बाहेर पार्किंगमध्ये राजन गाडीत दिवा बंद करून बसला होता. दोघांना येताना पाहून तो दचकून बाहेर आला.

"क्या हुआ, साब? प्रोग्राम खतम?"

"घर चलो. अभी."

"साब, खाना तो खा लो. अभी नौ बजा है."

"राजन, गाडी निकालो."

राजन हलला नाही. किल्ली मुठीत धरून तो जमिनीकडे बघत राहिला. "बॉस बोला, बारा बजे से पहले नहीं निकलने का."

मग कमलिनी पुढं झाली.

"राजनभाई, सच बोलो. यार्ड में क्या हुआ?"

"मॅडम, मेरेको नौकरी है. बाल-बच्चा है."

"जिसको हुआ है, उसको भी बाल-बच्चा होगा."

राजननं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलायला लागले. मग एकेक वाक्य तोडून त्यानं सांगितलं. सकाळी संग्राम दुबईच्या रस्त्याला लागला आहे, हे त्यानं फोनवर कळवायचं होतं. त्यानं कळवलं. जेवणानंतर माणसं टाकीत उतरली. साडेतीनच्या सुमाराला एकजण आत कोसळला, त्याला काढायला दुसरा उतरला. दुसऱ्याला ओढून वर काढता आलं.

"और पहला?"

"खलास, साब."

"कौन था?"

"बाबाजी."

संग्राम तिथंच गाडीच्या बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. बाबाजी राजापूरकडचा. वेल्डर, पस्तिशीचा, कामाला चोख. टाकीत उतरण्याआधी तो दर वेळी संग्रामकडे बघून विचारायचा, "साहेब, तुम्ही स्वतः बघितलंत ना? मग झालं." आणि देवाचं नाव घेतल्यासारखा निश्चिंत उतरायचा.

परतीचा रस्ता कसा सरला, ते दोघांनाही नंतर आठवेना. कमलिनीनं एकदाच तोंड उघडलं. "होडीत तुम्ही मला काय सांगणार होतात?" आणि अंधारात, राजनला मराठी कळत नाही या भरवशावर, संग्रामनं तिला कोऱ्या परमिटांची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली. हात मात्र तिनं सोडवून घेतला. बऱ्याच वेळानं, अबू धाबीचे दिवे दिसायला लागल्यावर, परत त्याच्या हातावर ठेवला.

ते थेट हॉस्पिटलात गेले. वाचलेला मजूर उल्हास ऑक्सिजनवर होता. नर्सनं दोन मिनिटं दिली. संग्रामला पाहताच त्यानं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"साहेब, तुम्ही सही का केलीत?"

"मी केली नाही, उल्हास. आज नाही केली."

"बाबाजी उतरत नव्हता. साहेबांनी बघितलंय का, असंच विचारत होता. मग सतीशभाईंनी कागद दाखवला. त्यानं तुमची सही ओळखली. म्हणाला, ही साहेबांचीच. मग झालं." उल्हासला खोकल्याची उबळ आली. नर्सनं मास्क परत बसवला आणि त्यांना बाहेर काढलं.

कॉरिडॉरमध्ये अण्णासाहेब बाकावर बसले होते. हातात जपमाळ. त्यांनी संग्रामकडे पाहिलं, मग कमलिनीकडे, आणि शेवटी मागे उभ्या असलेल्या राजनकडे. राजन भिंतीला टेकला.

"बस, संग्राम."

"अण्णा, तुम्ही मला मुद्दाम पाठवलंत."

"मी तुला सुट्टी दिली. लोकांनी माझ्या मागं काय केलं, ते मला माहीत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "आता नीट ऐक. परमिटवर आजची तारीख आहे, सकाळी साडेसातची वेळ आहे आणि तुझी सही आहे. तू सकाळी येऊन हवा तपासलीस, ठीक होती म्हणून सही केलीस आणि सुट्टीवर गेलास. नंतर गाळ ढवळला आणि गॅस वर आला. यात कुणाचा दोष? कुणाचाच नाही. देवाची मर्जी. उद्या पोलीस विचारतील तेव्हा एवढंच सांगायचं. पुढचं मी बघतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर सांग की, कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या होत्यास." अण्णासाहेबांनी माळ खिशात ठेवली. "त्याला इथं काय म्हणतात, ते विचार कुणालाही. लेकरू आहे तुला. मी तुला वडिलांसारखा सांगतोय."

त्यांचा हिशेब चुकत नव्हता, हेच भयंकर होतं. खोटं बोललं तर सगळे सुटत होते. खरं बोललं तर पहिला संग्रामच अडकत होता.

"साडेसातला हे घरी होते," कमलिनी म्हणाली. "मी पोहे वाढत होते."

"सूनबाई, तुम्ही यात पडू नका."

"पडलेच आहे, अण्णा. तुम्हीच पाठवलंत ना मला चित्रं बघायला?"

अण्णासाहेब उठले. जाताना संग्रामच्या खांद्यावर त्यांनी नेहमीसारखाच हात ठेवला. संग्रामनं खांदा काढून घेतला.

रात्रभर दोघं स्वयंपाकघरात बसून होते. पहाटे मरियमबींनी दार वाजवून चहा आणून दिला. संग्राम तीनदा म्हणाला, "अण्णांनी सांगितलं तसं सांगावं का?" कमलिनीनं तिन्ही वेळा उत्तर टाळलं. चौथ्यांदा तो विचारेना. आंघोळ करून त्यानं धुतलेला शर्ट घातला आणि म्हणाला, "बाबाजीनं सही बघितली नसती तर तो उतरला नसता. ती सही माझीच आहे. आज केली काय आणि जानेवारीत केली काय."

"मी येते बरोबर," ती म्हणाली.

पोलीस स्टेशनात त्यानं सगळं सांगितलं. मंगळवारचा मीटर, सतीशचा फोन, आणि जानेवारीतल्या चार सह्या. लिहून घेणारा अधिकारी मध्येच थांबला. दुभाष्याकडून त्यानं दोनदा खात्री करून घेतली, की हा माणूस स्वतःच्याच विरुद्ध बोलतोय हे त्याला कळतंय ना. संग्राम म्हणाला, "कळतंय."

त्याच दुपारी त्याला आत ठेवलं. कमलिनी एकटी घरी आली. संपदानं विचारलं, "व्हेअर इज बाबा?" आई चपला काढून तशीच आत गेली, तेव्हा पोरगी त्या वर्षात पहिल्यांदाच घरी आपणहून मराठीत बोलली. "बाबा कधी येणार?"

खटला पाच महिने चालला. राजननं साक्ष दिली आणि नोकरी घालवून तो केरळला परत गेला. सतीशला शिक्षा झाली, संग्रामलाही. अण्णासाहेब त्या दिवशी यार्डात नव्हते आणि त्यांची सही कुठल्याच कागदावर नव्हती. यार्ड काही आठवडे बंद राहिलं, मग पुन्हा उघडलं. शिक्षा भोगून संग्रामला थेट विमानात बसवलं. कमलिनी आणि संपदा आधीच कराडला आल्या होत्या. कमलिनीला तिथल्या शाळेत नोकरी लागली होती.

संग्राम परत आला, पण महिनाभर घराबाहेर पडला नाही. मग एका सकाळी पिशवी भरून तो म्हणाला, "राजापूरला जाऊन येतो." कमलिनीनं अडवलं नाही. पत्ता तिनंच उल्हासकडून मागवून ठेवला होता.

बाबाजीचं घर घाटीच्या खाली होतं. समोर शेणानं सारवलेलं अंगण. बाबाजीची बायको, गिरिजा, भात वाळत घालत होती. संग्रामनं नाव सांगितलं. ती उठली, आतून पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला आणि पायरीवर बसली.

"ते फोनवर सांगायचे तुमच्याबद्दल," ती म्हणाली. "एक साहेब आहेत, तपासल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. म्हणून मला भीती नव्हती वाटत."

संग्रामनं तिला सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. शारजाचं प्रदर्शनही सांगितलं आणि हॉटेलातला नाचही. ऐकताना ती एकदाही रडली नाही. बोलणं संपल्यावर बराच वेळ भातावर आलेली कोंबडी हाकलत राहिली.

मग ती आत गेली आणि एक लिफाफा घेऊन आली.

"माझ्या भावाला तिकडनं बोलावणं आलंय. त्याच गावातली दुसरी कंपनी आहे म्हणतो. पुढच्या महिन्यात जायचंय. घरात दुसरं कमावतं कुणी नाही." तिनं लिफाफा त्याच्यापुढे धरला. "इंग्रजीत आहे. मला वाचता येत नाही. तुम्ही वाचून सांगा, पाठवू की नको?"

संग्रामनं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. लिफाफा घेतला. त्यानं कागद उलगडला आणि पहिल्या ओळीपासून, शब्द न् शब्द मराठीत करून, तिला वाचून दाखवायला सुरुवात केली.